ओळखलं नाही का?

कमळाकर चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता आणि सुटी मिळाली की एखाद्या तालुक्याच्या गावाला निघायचा. लोणावळा-महाबळेश्वरची त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. तिथे काय, पैसे टाकले की कोणीही पाहुणा! खरा प्रवासी तो, जो सिन्नरला उतरतो, ओतूरला मुक्काम ठोकतो आणि जुन्नरला परक्या पंगतीत बसून दुसऱ्यांदा जिलबी मागून घेतो.

हे जमायचं कसं? अहो, अगदी सोपं. लग्नसराईत मांडव दिसला की हा बेधडक आत शिरायचा. कोणी विचारलं, "कुठचे पाव्हणे?" की चेहरा पाडून म्हणायचा, "ओळखलं नाही का?" बस्स. खोटं एक अक्षर बोलायचा नाही पठ्ठ्या! दारी आलेल्या पाहुण्याला ओळखलं नाही असं तोंडावर सांगायची आपल्याकडे कोणाची छाती आहे? समोरचा ओशाळायचा, डोकं खाजवायचा आणि स्वतःच नातं काढून द्यायचा. "तात्यांचे साडू ना तुम्ही?" हा नुसता हसायचा. पुढे पान मांडलं जायचं.

त्या मे महिन्यात त्याने शहापूर-मुरबाड धरलं होतं. शहापूरच्या लॉजवर रात्र काढली, सकाळी स्टँडसमोर वडा-उसळ हाणली आणि मुरबाडची एसटी पकडली. किन्हवलीच्या जरा अलीकडे रस्त्याला लागूनच मांडव दिसला. बेंजो वाजत होता आणि खिडकीतून बुंदी तळल्याचा वास आला. मुरबाड काय पळून जातंय, असं म्हणून कमळाकर तिथेच उतरला.

मांडवाच्या तोंडाशी नवरीचा चुलता, गणू, उभा होता. "कुठचे पाव्हणे?"

"ओळखलं नाही का?"

गणूचा हात डोक्याकडे गेला. तेवढ्यात ओटीवर बसलेल्या हिराबाईने, म्हणजे नवरीच्या आईने, मान वर केली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने कमळाकरला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि हंबरडाच फोडला. "अरे, लडकू रे माज्या! आलास का रे भावा!"

धावत येऊन तिने त्याच्या गळ्यातच हात टाकले. सगळा मांडव गोळा झाला. कमळाकर सवयीने हसला आणि तिथेच फसला.

झालं होतं असं. लडकू हा हिराबाईचा एकुलता एक भाऊ. तिच्या लग्नाच्याही आधी सुरतेला कामाला गेला तो गेलाच. सासरच्या गावात कोणी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने, म्हणून हिराबाई महिनाभर सगळ्यांना सांगत होती, "निरोप धाडलाय, येल तो." लडकूचा पत्ता नाही, निरोप कोणाला धाडणार कपाळ! आणि आज मुहूर्त तोंडावर आला तसे नवरदेवाकडच्या बायका टोमणे मारायला लागल्या होत्या. "काय गो, मामा वाटंतच राहिला वाटतं?" माधुरी, ती नवरी, आत उशीत तोंड खुपसून रडत होती. आईची अब्रू पोरीच्या लग्नातच जायची वेळ आली होती.

"सुरतेस काय करतंस?" गणूने विचारलं.

"कापडाचं," कमळाकर चाचरला. "आधी जरा जेवून..."

"जेवन पळतंय काय? मुहूर्त चालला!"

कोणी त्याला टोपी घातली, कोणी खांद्यावर टॉवेल टाकला, आणि ढकलत ढकलत आतल्या खोलीत नेला. माधुरी उठून उभी राहिली. तिने त्याचा हात घट्ट धरला. "मामा, किती उशीर केलास रे," ती म्हणाली. कमळाकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या पंगती झोडल्या, पण आपली कोणी वाट पाहिली असं कधी झालं नव्हतं. त्याने पोरीला मांडवात आणलं, मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या मागे उभा राहिला आणि अक्षता टाकताना खरोखर रडला.

पंगतीत हिराबाईने स्वतः त्याला वाढलं. बुंदी समोर होती, पण घास उतरेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "ताई, मी लडकू नाही."

"हळू बोल, येड्या," ती पानावर वरण ओतत म्हणाली. "लडकूच्या डाव्या हाताला सा बोटं व्हती."

"मग मला लडकू म्हणून ओळखलंत कसं?"

"ओळखलं की! बुंदीच्या कढईवर डोला ठेवून शिरलास ना, तवाच ओळखलं. फुकट जेवाया आलेला बाप्या. म्हटलं, जेव बाबा, पन काम करून जेव."

कमळाकरचा चेहरा पडला. हिराबाई पदर तोंडाला लावून खुदखुदली.

"मामा झालास, आता सुटका नाय," ती म्हणाली. "भाऊबीजेला आला नायस तर तुज्या नावानं गावभर बोंब मारीन."

"माझं नाव तरी ठाऊक आहे का?"

"लडकू," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

दिवाळीत चिंचवडचे मित्र गोव्याला निघाले. कमळाकर शहापूरच्या स्टँडवर उभा होता. पिशवीत दोन साड्या, एक हिराबाईची, एक माधुरीची, आणि हातात पेढ्यांचा पुडा. गाडीत शेजारी एक म्हातारा येऊन बसला.

"कुठचे पाव्हणे?"

जुनं उत्तर कमळाकरच्या ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. "पाव्हणा कसला? हिराबाईचा भाऊ मी. किन्हवलीच्या अलीकडे उतरायचंय."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "आं? मंग मला ओळखलं नाय का?"

कमळाकर ओशाळला. लग्नात केवढी माणसं होती! त्याने डोकं खाजवलं, आठवून आठवून पाहिलं. "गणूभाऊंचे सासरे ना तुम्ही?"

म्हातारा नुसता हसला आणि पेढ्यांच्या पुड्याकडे पाहत बसला. कमळाकरने पुड्याचा दोरा सोडला.