खुर्चीची खरी पाऊलखूण

ज्यांनी कुठल्याही ऑफिसात चार वर्षं काढली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर पाठवायचा आकडा आधी ठरतो, आणि मग तो काढून आणणारा माणूस शोधला जातो. प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात असा माणूस एकच होता, आणि ती बाई होती. सगळे तिला मोजणी मॅडम म्हणत.

पहिली बारा वर्षं तिने खुर्च्यांची ताकद मोजली. शंभर किलोचं वजन खुर्चीवर हजार वेळा आपटायचं, पाय कुठे तडकला ते पाहायचं, नापास असेल तर नापास लिहायचं. गेल्या दोन वर्षांपासून तिच्याकडे नवं काम आलं होतं. खुर्चीची पाऊलखूण मोजायची. म्हणजे प्लास्टिकचा दाणा तयार होण्यापासून खुर्ची मोडीत निघेपर्यंत, त्या एका खुर्चीपायी हवेत पृथ्वी तापवणारा वायू किती जातो, त्याचा किलोमध्ये हिशोब मांडायचा.

हे काम तिने जीव ओतून केलं. प्रत्येक यंत्राचा विजेचा मीटर ती स्वतः जाऊन वाचायची. ट्रक परतताना रिकामा येतो की भरलेला, हे ड्रायव्हरांना विचारायची. ते हसायचे, पण खरं सांगायचे. असं करत तिने आकडा काढला होता. पूर्ण नव्या प्लास्टिकची खुर्ची, बारा किलो. अर्धा दाणा भंगारातून आलेला असेल तर तीच खुर्ची, साडेनऊ किलो. या साडेनऊचा तिला फार अभिमान होता. तो आकडा कुणीही कुठूनही तपासावा, उलट-सुलट करून पाहावा, हलणार नाही याची तिला खात्री होती.

पण विक्री खात्याच्या साहेबांना साडेनऊ पुरत नव्हते.

"मॅडम, शाळांना वीस हजार खुर्च्या घ्यायच्यात. खरेदी समिती पाऊलखूण बघणार आहे," ते तिच्या टेबलावर टेकून म्हणाले. "लेबलवर 'निम्म्याहून कमी' आलं पाहिजे. खुर्ची जुनी झाली की तिचंही भंगार होणार ना? त्यातून कुणीतरी पुन्हा काही बनवणार. मग तीही बचत आपलीच. शंभरातल्या नव्वद परत येतात असं धरा आणि वजा करा."

तिने वजा करून पाहिलं. आकडा पाचाच्या खाली आला.

तिला यातली मेख ठाऊक नव्हती असं नाही. भंगारातून आलेला दाणा वापरल्याचं श्रेय आधीच घेतलं होतं. आता खुर्चीचं भंगार होईल याचंही श्रेय घ्यायचं, म्हणजे एकाच बचतीवर दोनदा हात मारायचा. पण साहेब घाईत होते, शुक्रवारी कागद जायचे होते, आणि वीस हजार खुर्च्या म्हणजे कारखान्यातल्या तीनशे माणसांना कितीतरी दिवसांचं काम होतं. घरी तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "अगं, सगळेच असं लिहितात. तू एकटी कुठवर पुरी पडणार?" तिनेही मान हलवली. मन मात्र कुरकुरत राहिलं.

माहितीपत्रकासाठी एक फोटो हवा होता, म्हणून गुरुवारी सकाळी ती गावाबाहेरच्या भंगाराच्या शेडमध्ये गेली. ही शेड तीस-पस्तीस बायकांनी मिळून चालवलेली. फुटक्या बादल्या, टब, क्रेट येतात. बायका ते रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडतात, धुतात, त्यांचा चुरा करतात. कारखान्याचा अर्धा दाणा याच चुऱ्यापासून बनायचा. शेडच्या दाराशी मोठा वजनकाटा होता आणि काट्याशेजारी स्टुलावर साठीच्या एक बाई बसलेल्या असत. नाकावर चष्मा, मांडीवर जाड वही. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पोतं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. सगळ्यांच्या त्या मावशी.

"फोटो काढा की हवे तेवढे," मावशी म्हणाल्या. "पण खाली काय लिहिणार?"

"हेच, की आमच्या शंभरातल्या नव्वद खुर्च्या पुन्हा वापरात येतात."

"कुणी मोजल्या?"

मोजणी मॅडम अडखळली. आजवर हा प्रश्न ती इतरांना विचारत आली होती. "मोजल्या नाहीत... तसं धरलंय. साधारण धरतात तसं."

"धरलंय! आमच्याकडे धरत नाहीत बाई. काट्यावर ठेवतात." मावशींनी वही उघडली, बोट जिभेला लावून पानं उलटली. "तुमच्या कंपनीच्या खुर्च्या. गेल्या सहा महिन्यांत आल्या चारशे दहा. चुरा होऊन पुढे गेल्या एकशे तीस."

"आणि बाकीच्या?"

"चला, दाखवते."

शेडच्या मागे खुर्च्यांचा ढीग होता. माणसाच्या दुप्पट उंच. निळ्या, हिरव्या, तपकिरी; त्यातल्या प्रत्येकीच्या बैठकीवर स्पंजाची गादी, आणि गादी गोंदाने अशी चिकटवलेली की जणू खुर्चीची कातडीच. मोजणी मॅडमनेच ती गादी तपासून पास केली होती. 'घट्ट बसते, निघत नाही', असा शेराही तिने मारला होता.

"स्पंज राहिला तर चुरा बाद होतो," मावशी म्हणाल्या. "खरवडायला बसलं तर एका खुर्चीला पंचवीस मिनिटं. तेवढ्यात माझ्या पोरी चाळीस बादल्या निवडतात. मग या पडतात इथेच. एक दिवस गाडी येते आणि नेऊन खड्ड्यात टाकते."

मोजणी मॅडमने मग सगळं सांगून टाकलं. साडेनऊ कसे आले, पाच कसे येणार आहेत, वीस हजार खुर्च्या, तीनशे माणसं.

"मला तुमचं वायूचं गणित येत नाही," मावशी म्हणाल्या. "पण एक पोतं माझ्या काट्यावर एकदाच चढतं. आमचा चुरा तुम्ही घेतलात, बचत झाली, तुम्ही लिहिलीत. बरोबर आहे, तुम्ही घेतलात म्हणून ती झाली. आता उद्या तुमच्या खुर्चीचा चुरा दुसरा कुणी घेईल. तीही बचत तुम्ही आजच लिहून ठेवलीत, तर तो काय लिहील? तोही लिहिणारच! मग कागदावर दोन पोती आणि काट्यावर एक. दुसरं पोतं कुठून आणायचं?"

"हो, मावशी. कळतंय मला."

"अजून ऐका. कागदावर तुम्ही नव्वद लिहिलंत ना, की हा ढीग संपला. आहे इथेच, पण संपला! मग गोंदाबद्दल कुणी कशाला विचारेल? आम्ही इथे सकाळपासून कंबर मोडून शंभरातल्या तीस वाचवतो. त्या तिसाचा मला अभिमान आहे. तो नव्वदाखाली गाडू नका."

फोटो न काढताच मोजणी मॅडम परतली. वाटेत तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, बऱ्याच दिवसांनी, पाठीचा कणा ताठ झाल्यासारखंही वाटलं.

शुक्रवारी मालकांच्या खोलीत तिने कागद ठेवला. त्यावर साडेनऊ लिहिलं होतं, आणि खाली तिची सही होती.

विक्री साहेब उसळले. "हे काय? बाजारात सगळे तसंच लिहितात. आपणच तेवढे साधुसंत लागून गेलो? ऑर्डर गेली तर तीनशे माणसांना काय तोंड दाखवणार?"

ती एवढंच म्हणाली, "पाचाच्या खालचा आकडा छापायचा असेल तर छापा. त्याखाली माझी सही मिळणार नाही."

मालक दोघांचं ऐकत होते. हा माणूस कधीकाळी दुसऱ्याच्या कारखान्यात साच्याच्या यंत्रावर मजूर होता. उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग अजून होता. आपल्या खुर्चीबद्दल कुणी वावगं बोललं की त्यांना ते जिव्हारी लागायचं.

"मॅडम, चौदा वर्षांत तुम्ही माझ्या किती खुर्च्या नापास केल्यात?"

"मोजाव्या लागतील. बऱ्याच."

"आणि मी चिडलो होतो का?"

"हो. दरवेळी."

मालकांना हसू आलं. "आणि दरवेळी पुढची खुर्ची बरी निघाली, हेही खरं. चला, तो ढीग दाखवा मला."

दुपारी दोघं शेडवर पोचले. मावशींनी मालकांचं स्वागत केलं, बसायला त्यांचीच एक खुर्ची दिली आणि दुसरी समोर ठेवली. हातात खरवडणी दिली. "गादी काढून दाखवा. तुमचीच आहे."

मालकांनी बाह्या सरसावल्या. हात कामाचे होते, लाज नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बायका हातातलं काम थांबवून गोळा झाल्या. स्पंजाचे तुकडे निघत होते, गोंद निघत नव्हता. मालकांच्या कपाळावरून घाम ओघळला, अंगठ्याला खरचटलं.

"हे असलं कुणी बनवलं हो?" ते वैतागून म्हणाले.

"तुम्हीच की!" मावशी म्हणाल्या, आणि सगळी शेड हसली.

मालकही हसले, पण हसू फार टिकलं नाही. खरवडणी खाली ठेवून ते त्या ढिगाकडे बघत राहिले. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या कारखान्याचा शिक्का होता.

"मी समजत होतो, माझी खुर्ची दाराबाहेर पडली की माझं काम संपलं," ते हळूच म्हणाले. मग एकदम वळले. "मॅडम, काढून टाका तो गोंद! गादीला खटका बसवा. दाबला की निघाली पाहिजे, मुलाने उड्या मारल्या तरी निघता कामा नये. जमेल?"

"हजार वेळा आपटून बघते," ती म्हणाली.

"आणि लेबलवर साडेनऊच जाईल. जेवढं केलं तेवढंच!"

आता, वाचकहो, खरं सांगायचं तर पुढे लगेच सगळं गोड झालं नाही. वीस हजार खुर्च्यांची ऑर्डर दुसऱ्याला गेली. त्याच्या लेबलवर 'सत्तर टक्के कमी' होतं. विक्री साहेब महिनाभर मोजणी मॅडमशी बोलले नाहीत. कारखान्यात दोन पाळ्यांची दीड पाळी झाली, आणि जेवणाच्या सुट्टीत कामगारांच्या बाकावर ती येऊन बसली की बोलणं थांबायचं. ते दिवस तिला जड गेले. तरी खटक्याचं काम तिने सोडलं नाही. पहिला खटका दोनशेव्या आपटीला तुटला, दुसरा सातशेव्या. चौथा टिकला. तो घडवला साच्यावरच्या एका जुन्या कारागिराने, स्वतःहून, पाळी संपल्यावर थांबून.

नवं लेबल छापलं गेलं. त्यावर लिहिलं होतं : 'पाऊलखूण साडेनऊ किलो, पूर्ण नव्या प्लास्टिकच्या खुर्चीपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. मोडीत निघाल्यावरची बचत यात धरलेली नाही. ती पुढे वापरणाऱ्याची.'

सहा महिन्यांनी एक बाई आल्या. अठरा वाचनालयांच्या कारभारी होत्या. त्यांना दोन हजार खुर्च्या हव्या होत्या.

"स्वतःचं श्रेय कमी करून सांगणारं लेबल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं," त्या विक्री साहेबांना म्हणाल्या. "जे इथे खरं बोलतात ते पायाच्या मजबुतीबद्दलही खरं बोलत असतील."

विक्री साहेबांनी खुर्ची उलटी करून गादीचा खटका स्वतः दाबून दाखवला, आणि म्हणाले, "यातला आकडा न् आकडा आमच्या मोजणी मॅडमनी स्वतः जाऊन मोजलाय. त्यांना बोलावू का?" दारातून जाणाऱ्या मोजणी मॅडमने ते ऐकलं. इतक्या वर्षांत 'आमच्या' हा शब्द त्यांच्या तोंडून तिने प्रथमच ऐकला होता.

दोन हजारांमागून आणखी चौकशा आल्या. पाळ्या पुन्हा पूर्ण झाल्या. शेडच्या मागचा ढीग एका रात्रीत नाहीसा झाला नाही, कारण जुन्या खुर्च्या अजून वर्षानुवर्षं येतच राहणार होत्या. पण त्याची वाढ एक दिवस थांबेल हे आता दिसत होतं.

नव्या खुर्चीची पहिली मोठी खेप निघायची होती, त्या दिवशी मालकांनी शेडमधल्या सगळ्या बायकांना कारखान्यात बोलावलं. कामगार दोन्ही बाजूंनी उभे होते. मावशींनी चष्मा सारखा केला, खटका दाबला आणि एका हाताने गादी उचलून वर धरली. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. साच्यावरचा तो जुना कारागीर मान खाली घालून हसत होता, आणि शेडमधली एक बाई शेजारणीला कोपराने ढोसून सांगत होती, "बघ, हे आपल्यामुळे झालंय!"

मालक बोलायला उभे राहिले. भाषण त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"आपण पाचवा हिस्सा कमी केलाय," ते म्हणाले. "फक्त पाचवा. पण तो आपला आहे. उद्या कुणीही येऊन मोजावा!"

मोजणी मॅडमला वाटलं, साडेनऊचा आकडा यापूर्वी इतका मोठा कधी दिसला नव्हता.

वाचकहो, चांगलं काम थोडंसं जरी असलं तरी त्यावर मान ताठ करून उभं राहता येतं. फुगवलेल्या कामावर उभं राहिलं की सारखं खाली बघावं लागतं. एकाच बचतीचं श्रेय दोघांनी घेतलं म्हणून हवा दुप्पट स्वच्छ होत नाही, आणि कागदावर संपलेला कचरा जमिनीवरून हलत नाही. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या वस्तूवर हिरवं पान आणि मोठा आकडा दिसला, तर ती घेण्याआधी दुकानदाराला, कंपनीला, आणि आपण स्वतः काही बनवत असू तर स्वतःलाही, मावशींचा तो दोन शब्दांचा प्रश्न विचारू या. "कुणी मोजलं?" उत्तर देणाऱ्याची मान ताठ असेल, तर वस्तू खुशाल घरी आणावी.