सीटबेल्टची कृपा

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर ठेवलेला हात काही काढेना.

"क्लच हळू सोड, बारक्या. झोपलेलं मूल खाली ठेवतात तसा," ताई म्हणाली. तिने गाडी पुन्हा चालू करायला लावली, आपल्या बाजूच्या जादा पेडलवर पाय ठेवला, आडवा हात घालून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. टेम्पोवाला जाताना काहीतरी बोलला. तिने खिडकीतून त्याला हसून हात केला, कारण त्यालाही तिनेच शिकवलं होतं.

बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नुकताच बँकेतून निवृत्त झालेला. लहानपणी हाडं मोजून घ्यावी असा होता म्हणून हे नाव पडलं. पुढे पोट सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. आता बायकोने गाडी शिकण्याचा धोशा लावला होता, आणि घरची शिक्षिका असताना बाहेर कशाला जा, असा हिशेब करून तो ताईकडे आला होता. गेली कित्येक वर्षं ताई हेच काम करत होती. निम्म्या गावाला तिने गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला रस्त्यातून बाजूला व्हायला, असं तिचा नवरा म्हणायचा.

दिवसभर गाडीत बसून बसून मागच्या वर्षी तिचा पाय सुजला. पोटरीत रक्ताची गाठ निघाली, आणि तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. "आयुष्यभर रक्ताचं पाणी मीच करत आले, आता ते काम गोळी करते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिने लहान मुलांचा मऊ ब्रश आणला आणि त्यावरचं अस्वल सगळ्यांना दाखवलं. कुठे जरा टेकलं, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं. त्या निळ्या डागांना तिने मालक नेमून दिले होते. कोपराजवळचा डाग कपाटाचा, मांडीवरचा जेवणाच्या टेबलाचा, दंडावर पुढे होता तो सीटबेल्टच्या कृपेचा. डॉक्टरांनी काही गोष्टी मात्र बजावून सांगितल्या होत्या. डोक्याला मार लागला, शौचाला काळं झालं किंवा रक्त थांबेना, तर आहे तसं निघून यायचं. ते ती लाल दिव्यासारखं पाळत होती. बाकी सगळं तिने हसण्यावारी नेलं होतं.

एक गोष्ट सोडून.

तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं आणि अख्खा भाग त्यांना मिस्त्री म्हणायचा. बोलायला कमी, पण रस्ता ओलांडताना बायकोचं कोपर धरल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. जेवणं झाली, की ती सोफ्यावर पाय पसरायची आणि ते टीव्ही बघता बघता तिची पोटरी चोळत बसायचे. हे सगळं हल्ली बंद झालं होतं. सोफ्याऐवजी ते आता समोरच्या खुर्चीत बसत. चहाचा कप हातात न देता टेबलावर ठेवत. पलंगावर दोघांच्या मध्ये एक उशी आली होती आणि ती कुणी आणली, हे कुणी विचारलं नव्हतं.

ताईने आरशात पाहिलं, तेव्हा तिला कारण कळल्यासारखं वाटलं. हात पिकून डागाळलेल्या केळ्यासारखे दिसत होते. अशा हाताला कोण हात लावणार? वाहतूक पोलिसालाही सुनावायला कमी न करणाऱ्या बाईला, माझी किळस येते का, हा एक प्रश्न घरातल्या माणसाला विचारता येत नव्हता. उत्तर हो आलं असतं तर पुढे काय बोलायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"चल, पुन्हा चालू कर," ती भावाला म्हणाली.

बारक्याने किल्ली फिरवली नाही. उलट ती काढून मुठीत घेतली. तो समोरच्या काचेतून बंद दुकानाच्या शटरकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"ताई, एक विचारू? चिडू नको."

"गाडीबद्दल विचार. चिडले तरी पैसे परत देणार नाही."

"दाजी हात उचलतात तुझ्यावर?"

ताईला आधी नीट ऐकू आलंच नाही. मग आलं आणि ती एवढ्याने हसली, की शटरच्या पायरीवर झोपलेला कुत्रा उठून बसला.

"अरे, उचलतायत कसले! ते तर हात लावतसुद्धा—"

वाक्य तिथेच राहिलं. हसूही कुठेतरी गेलं. आपण काय बोलून बसलो, ते तिलाच ऐकू आलं होतं. तिने उगीच डॅशबोर्डवरची धूळ पुसली.

"मग हे काय आहे?" बारक्याने तिच्या दंडाकडे बोट केलं.

"तो सीटबेल्टचा डाग आहे. गोळीमुळे पडतो. तुला माहीत आहे."

"पुढचा नाही. मागचे. मघाशी तू स्टिअरिंग फिरवलंस तेव्हा बाही वर गेली." त्याचा आवाज बारीक झाला. "सीटबेल्टला बोटं असतात का, ताई?"

तिने समोरचा आरसा वाकवून आपल्याकडे वळवला, बाही खांद्यापर्यंत ओढली आणि मान मोडेस्तोवर वळवून पाहिलं. दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे माणसाची स्वतःची नजर कधी जात नाही, तिथे एकाखाली एक निळसर पिवळे पट्टे होते. चार. पुढच्या बाजूचा तो जाड गोल डाग म्हणजे अंगठा.

तिला दवाखान्याचा जिना आठवला. नुकताच पुसलेला, ओला. वरच्याच पायरीवर तिचा पाय सटकला, खालचा जिना डोळ्यांसमोर आला, आणि मागून मिस्त्रींनी दंड असा पकडला की ती हवेतच थांबली. "डोळे कुठे होते?" एवढंच ते म्हणाले होते. त्यानंतर एका सकाळी ती पाठमोरी बसून केस विंचरत होती, हात वर. ते चहा घेऊन आले, मागे जरा वेळ उभे राहिले, आणि कप टेबलावर ठेवून निघून गेले. कप टेबलावर ठेवायला सुरुवात त्याच दिवशी झाली होती.

तिने भावाला सगळं सांगितलं. बारक्याने मोठा श्वास सोडला.

"म्हणजे दाजींनी तुला वाचवलं."

"हो. आणि तू त्यांची गचांडी धरायला निघाला होतास."

"धरली नसती," बारक्या प्रामाणिकपणे म्हणाला. "नुसतं बोललो असतो. तेही फोनवर."

ताईने आरसा सरळ केला. "गाडी काढ. गॅरेजवर घे."

"मी? बाजारातून?"

"मग काय मी? शिकायला कोण आलंय?"

बाजारात त्याची पाचावर धारण बसली, एका हातगाडीवाल्याने त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, पण गाडी गॅरेजपर्यंत पोचली आणि दारातच अर्धी आडवी बंद पडली. मिस्त्री एका बॉनेटखाली वाकले होते. आवाजाने ते मागे वळले, मेव्हण्याला चालकाच्या जागेवर बघून भुवया उंचावल्या आणि फडक्याला हात पुसत पुढे आले.

ताईने दार उघडलं, पण ती उतरली नाही. सीट खोल होती आणि बसून बसून तिचा पाय आखडला होता. बारक्या वळसा घालून लगबगीने आधार द्यायला आला.

"तू नको," ती म्हणाली आणि हात नवऱ्यासमोर धरला.

मिस्त्रींनी फडकं दोन्ही हातांत गुंडाळलं. "हात घाण आहेत माझे."

"लग्न झाल्यापासून स्वच्छ कधी होते?"

"अगं, पुन्हा निळं पडेल."

"पडू दे. हे निळं आपलं आपण जातं. जिन्यावरून डोक्यावर पडले असते, तर ते आपलं आपण गेलं नसतं."

मिस्त्रींनी मेव्हण्याकडे पाहिलं, मग खाली जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे.

"मला बघवत नाही ते," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्याने मारल्यासारखं दिसतं. आणि बोटं माझी. माझी बोटं उमटलीत गं तुझ्या अंगावर."

"मग दुसऱ्या कुणाची उमटायला हवी होती?"

बारक्याला एकाएकी कोपऱ्यातल्या जुन्या टायरांमध्ये फारच रस वाटू लागला. तो तिकडे गेला आणि एकेका टायरवरची अक्षरं वाचत उभा राहिला.

फडकं बॉनेटवर पडलं. मिस्त्रींनी हात पुढे केला, आधी तिच्या दंडाला नुसता टेकवल्यासारखा, मग नीट धरला. ताई जोर लावून उभी राहिली. उभी राहून झाल्यावरही त्यांनी हात काढला नाही, आणि तिनेही त्याची आठवण करून दिली नाही.