तिसऱ्या महिन्याचा डबा

चिखल्याच्या मँगनीज खाणीत तेजराम एकतीस वर्षं जमिनीखाली उतरला आणि दर पाळीला धडधाकट वर आला. जिवावर बेतलं ते निवृत्तीनंतर, एका लघवीच्या नळीपायी.

प्रोस्टेटचं ऑपरेशन भंडाऱ्यातल्या एका हॉस्पिटलात झालं. ऑपरेशन नीट झालं, लघवीसाठी नळी घातली, पण चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, त्याहून जालीम तिसरं झालं, ताप हटेना. तो बरळायला लागला तेव्हा पायथ्याशी बसलेली त्याची बायको सत्यभामा मुलाला एवढंच म्हणाली, "हर्षाले बोलावून घे." हर्षा म्हणजे त्यांची लेक.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी औषध बदललं. तिसऱ्या दिवशी तेजरामनं पेज मागितली.

सुट्टी होताना तो डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. डॉक्टरांनी त्याला मधेच धरलं. "माझ्याआधी लॅबमधल्या डिंपल मॅडमचे आभार माना. तुमच्या लघवीतला जंतू कोणत्याच औषधाला जुमानत नव्हता. एका जुन्या औषधाला तो मरतो की काय अशी तिला शंका आली, तर रविवारी सुट्टीवरून येऊन पुन्हा तपासलं तिनं."

तेजरामच्या मनात ते घर करून बसलं. खाणीत पाळी सुरू होण्याआधी एक माणूस छताचा दगड ठोकून बघतो. त्याच्या भरवशावर बाकीचे आत जातात, आणि वर आल्यावर त्याची आठवण कोणाला होत नाही. तेजरामनं ते कामही काही वर्षं केलं होतं.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेला तेव्हा सत्यभामाच्या माहेरचा, एकोडीचा चिन्नोर तांदूळ पिशवीत घालून तो तळमजल्यावरच्या लॅबच्या दाराशी डिंपल मॅडमला विचारत उभा राहिला. चष्मा लावलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी बाहेर आली.

"काका, रिपोर्ट वर मिळते."

"रिपोर्ट नाही पाहिजे, बाई. मी तेजराम. तापातून उठलो तो. तुमाले पाहाले आलो."

डिंपल जरा गोंधळली. खाली लोक यायचे ते रिपोर्ट उशिरा मिळाला म्हणून भांडायला. तिनं तांदूळ घेतला, लॅबमध्ये खायची वस्तू चालत नाही म्हणून बाहेरच्या बाकावर ठेवला, आणि त्याच्याशेजारी बसून मोबाइलमधला फोटो दाखवला. काचेच्या ताटलीत जंतूंची पिवळट साय पसरलेली आणि तिच्यावर औषधांच्या बारीक टिकल्या. एकाच टिकलीभोवती स्वच्छ गोल होता, तिथं जंतू वाढलेच नव्हते.

"एवढ्याशा गोलावर वाचलो मी?"

"हो काका." मग ती थोडी अडखळली. "एक मागू का? त्या जंतूजवळ एक जीन आहे. औषध तोडायची विद्याच समजा. ती विद्या तो दुसऱ्या जंतूंनाही देतो. वॉर्डातल्या आणखी चौघांकडे तीच सापडली. असा जंतू आतड्यातही लपून राहतो. तो अन् ती विद्या तुमच्या पोटात किती दिवस टिकते, ते पाहायचं आहे. तिसऱ्या अन् सहाव्या महिन्यात संडासचा नमुना द्याल? बळजबरी नाही."

तेजरामचे कान लाल झाले. पोरीच्या वयाची बाई, आणि मागते काय! पण तिचा रविवार त्याला आठवला. "देतो," तो म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात तो डबा प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, मांडीवर धरून एसटीनं भंडाऱ्याला गेला. शेजारच्या माणसानं विचारलं, "लेकीकडे फराळ घेऊन चालले का?" तेजराम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दवाखान्याचं काम हाये."

आठवड्यानं डिंपलचा फोन आला. जंतू अजून पोटात होता.

"घाबरू नका. तुम्ही आजारी नाही. साबणानं हात धुवा, जेवणाआधी अन् संडासवरून आल्यावर. कुठं भरती झालात तर आधी सांगा, मले असा जंतू निघाला होता म्हणून. अन् आपल्या मनानं गोळ्या घेऊ नका."

त्या दिवसापासून मोरीत साबण कधी संपला नाही. नात रक्षा त्याच्या ताटात हात घालायला आली की तो तिला वेगळी ताटली लावून द्यायचा आणि मग दिवसभर त्याला चैन पडायचं नाही. अंग तापलं की कपाटात उरलेल्या पाकिटातल्या दोन गोळ्या घ्यायची त्याची जुनी सवय. ती पाकिटं त्यानं काढून गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या स्वाधीन केली. "काहून इतकं भेता?" सत्यभामानं विचारलं. "माह्यासाठी नाही भेत," तो म्हणाला.

सहाव्या महिन्याचा डबाही गेला. या वेळी डिंपलचा आवाज फोनवरच हसरा होता.

"काका, नमुन्यात नाही निघाला तो. अन् ऐका. तुमच्यासकट पाच जणांच्या नमुन्यांवरून कळलं की तो वॉर्डातूनच पसरत होता. नळी घालायची, काढायची, हात धुवायची सगळी पद्धत बदलली आम्ही. दोन महिने झाले, नवीन पेशंटमध्ये एकही नाही निघाला. हे तुमच्यामुळं झालं. मी आभार मानायलाच फोन केला."

तेजरामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. डोळे भरून आले होते, आणि समोर सत्यभामा काय झालं म्हणून हातानं विचारत होती.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "नवव्या महिन्याचा लागत असन तरी सांगा. आणून देतो."