पलीकडची खोली

मुलीने दुकानातल्या एका अ‍ॅम्पमध्ये गिटारची वायर खोचली, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवला आणि तारांवर हात मारला. आवाज असा फुटला की दुकानदाराच्या हातातला चहा हिंदकळला.

"अगं, तारा आहेत त्या! कुणावरचा राग काढतेस?"

ती ओशाळली. गिटार इलेक्ट्रिक होती, पण घरी तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प नव्हता. आई रात्रपाळीची नर्स. दिवसा झोपायची, आणि दोन खोल्यांच्या मधे नुसतं प्लायवूड. म्हणून मुलगी इतके दिवस गिटार कशालाही न जोडताच वाजवत आली होती. तशा तारांचा आवाज जेमतेम स्वतःच्या कानापर्यंत पोचतो. तो ऐकू यावा म्हणून तिचा हात नकळत जड होत गेला होता. आता मैत्रिणींच्या बँडमध्ये जागा मिळाली होती, पण पहिल्याच तालमीत त्यांनी सांगितलं होतं, हात सुधार, नाहीतर आम्हाला दुसरी कुणीतरी बघावी लागेल.

दुकानदाराने दोन लहान अ‍ॅम्प शेजारी ठेवले.

"हा पाच वॉटचा, सगळ्यात स्वस्त. याला हेडफोन जोडता येत नाही. दहा वॉटच्याला येतो."

"मग दहाचाच द्या. आईची झोप मोडायला नको."

"आधी दोन्ही ऐकून तरी घे," आई म्हणाली. ती कामावरून तशीच आली होती आणि पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. "मी काही पळून जात नाहीये."

मुलीने पाच वॉटच्या अ‍ॅम्पला वायर लावली आणि या वेळी बोटं सैल सोडली. रोजचीच धून. आवाज मऊ आला. धून वरच्या सुरांकडे वळते तिथे हात सवयीने थांबला. घरी याच जागी पलीकडे आईचा पलंग करकरायचा.

"इथेच थांबतेस रोज," आई म्हणाली.

"तुला ऐकू येतं?"

"प्लायवूड आहे ते, किल्ल्याची भिंत नाही."

"मग बोलली का नाहीस? तुझा पलंग वाजला की मी लगेच बंद करायचे."

"उलटं सांगतेस. तू बंद करतेस, मग मला जाग येते. मग पलंग वाजतो."

दुकानदाराने उगाचच एका अ‍ॅम्पवरची धूळ पुसली. मुलीने तळहात पँटला पुसला आणि सुरुवातीपासून वाजवायला घेतलं. ती जागा आली. पुढचे सूर तिच्या हातात बसलेले नव्हते. दोनदा बोट घसरलं, पण ती पुढे गेली.

"मग काय ठरलं?" दुकानदाराने विचारलं. "कुठला बांधू?"

आईची मान पिशवीवर कलली होती. एक चप्पल पायातून निसटली होती.

मुलीने त्याच्याकडे बघून, आत्ता नको, अशी नुसती मान हलवली आणि शेवटच्या सुरावर न थांबता पुन्हा पहिल्यावर आली.