ज्येष्ठेचा मुखवटा

भाद्रपदाची तिन्हीसांज. अंगणात केशरी उन्हाची उतरती पावलं, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची ओली पावलं. तेरड्याचा गंध, धुपाची निळसर वलयं, नव्या जरीची मंद सळसळ. दर्यापूरच्या त्या घरी महालक्ष्म्या येत होत्या.

भरजरी शालू नेसून दोन्ही धडं उभी होती, शिरहीन, प्रतीक्षारत. पितळी परातीत ज्येष्ठा-कनिष्ठेचे विशाललोचन मुखवटे वर पाहत होते. मुखवटे चढवण्याचा मान घरच्या कर्त्या बाईचा. एकतीस वर्षं तो प्रमिलाबाईंचा होता.

संधिवाताने त्यांची बोटं वाकली, तेव्हा साऱ्या घराने बोटं पाहिली. डॉक्टरांनीही बोटंच पाहिली. खांदा मात्र मुकाट झिजत राहिला, वर्षानुवर्षं, आतल्या आत, चौकटीतल्या वाळवीसारखा. अंबाडा घालणं सुटलं, फडताळातली वरची बरणी काढणं सुटलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण मान जाईल ही भीती होती. आज सकाळी रिकाम्या माजघरात त्यांनी हात उचलून पाहिला. तो छातीपाशीच थांबला.

आणि तेव्हापासून घरात सासूबाई वावरत होत्या. अन्नपूर्णाबाई, बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या. अशाच एका केशरी सांजेला त्या म्हणाल्या होत्या, "यंदा तू ठेव." त्यांचा उजवा हात पदराखाली होता. तरुण प्रमिला मानाने फुलून गेली होती. पुढे त्याच सासूला वाळवणाचं सूप उचलेना, तेव्हा तीच सून शेजारणीला म्हणाली होती, "सगळी सोंगं आहेत." सासूबाईंनी ते ऐकलं होतं.

"आई, मुहूर्त चाललाय," सून केतकी म्हणाली.

"यंदा तू ठेव."

शब्द प्रमिलाबाईंचे, आवाज गेलेल्या सासूचा. केतकीच्या मुखावर तोच जुना आनंद उजळला. प्रमिलाबाईंचाही उजवा हात पदराखाली गेला होता.

त्यांनी पदर बाजूला केला.

"मान म्हणून नाही गं. माझा हात वर जात नाही. माझ्या सासूबाईंचाही जात नव्हता, आणि मी त्यांच्याबद्दल नको ते बोलले."

केतकीने मुखवटा सासूच्याच ओंजळीत ठेवला, कोपरांखाली आपले तळवे लावले आणि हळूहळू वर नेले. खांद्यात हाडावर हाड करकरलं. प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओंजळ ढळली नाही.

ज्येष्ठा स्थानापन्न झाली. समईच्या उजेडात, भिंतीवर, वर गेलेल्या हातांच्या सावल्या थरथरत होत्या. प्रमिलाबाईंना त्यांच्यामागे अजून एक हात दिसत होता, पदराखालचा, मुका, खालीच राहिलेला. त्याला कधी कुणी आधार दिला नव्हता.