मिस्त्रींची जबाबदारी

"शिकाऊ मुलगी पाठवायची तर आधी कारखाना बघावा लागेल," म्हणत कॉलेजच्या बाई मिस्त्रींच्या फर्निचरच्या कारखान्यात शिरल्या, आणि थेट गोल करवतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हिच्यावरचं झाकण कुठंय?"

"मध्ये मध्ये येतं हो, म्हणून काढून ठेवलंय. तीस वर्षांत माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत."

"तुमची आहेत. तिच्या बोटांची जबाबदारी कोण घेणार?"

"मी! आणखी कोण?" मिस्त्री तोऱ्यात बोलून गेले आणि पुरते अडकले.

झाकण सापडलं मागच्या अंगणात. मिस्त्रींच्या बायकोने त्यात कोरफड लावली होती. ती बरीच कुरकुरली, पण झाकण घासूनपुसून करवतीवर चढलं.

सोमवारी मुलगी आली. दोन दिवस मिस्त्रींनी तिला नुसते नियमच सांगितले. केस घट्ट बांध. सैल बाह्या नकोत. डोळ्यांना चष्मा. आणि पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं.

गुरुवारी गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं होतं. घाईघाईत मिस्त्रींनी झाकण वर केलं आणि पात्याला पाना लावला.

"काका, थांबा! प्लग काढला नाहीत!"

"अगं, बटण बंद आहे ना..." म्हणत त्यांनी मागे पाहिलं. कारखान्यातला पॉलिशवाला बटणाशेजारच्या खिळ्याला फडकं अडकवत होता, आणि त्याचं कोपर बटणाला जवळजवळ टेकलं होतं.

मिस्त्रींनी प्लग उपसला आणि ते मटकन स्टुलावर बसले.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "सगळं ठीक? काही घडलं का?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पण समोरच ती पोर भुसा झाडत होती.

"घडता घडता राहिलं," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी. पोरीने वाचवलं. आता तिला इथून हलवणार का?"

"स्वतःची चूक सांगणारा माणूस मिळालाय, हलवू कशाला? पण तो नियम लिहून भिंतीवर लावा. आणि बटणाजवळचा खिळा आजच काढा."

खिळा लगेच निघाला. नियम मुलीने लिहिला, तिचं अक्षर छान होतं. खाली ठळक लाल शाईत तिने जोडलं: 'सर्वांसाठी, मिस्त्रींसकट.'

पॉलिशवाला खो खो हसला. मिस्त्रींनी डोळे वटारले, पण हसू काही आवरेना. मग स्वतःच हातोडी घेऊन त्यांनी ती पाटी ठोकली.