नानीसंग आइस्क्रीम खायले

आयका तं! अकोल्याची इन्सिया हाय ना, बोहऱ्याची, हार्डवेअरच्या दुकानावाली? तिनं सासूले साफ खोटं सांगतलं होतं. त्यायच्यात अजून कित्येक घरी पोरगी सात वर्साची झाली का खतना करतात. नाजूक जागी ब्लेड लावतात, अन् वरून म्हनतात, कोनाले सांगू नको! इन्सियाची दुरैया सातची झाली, तशी सासू मांगंच लागली. इन्सिया म्हने, "माह्या माँनं अमरावतीत करून टाकलं." सासूनं खुशीत मलिदा केला. सुटली पोट्टी!

पन माँले सांगाचंच राहून गेलं ना! सुट्ट्यायत दुरैया नानीकडे गेली, अन् सासूनं विहिणीले फोन लावला, "लय बरं केलं." नानी म्हने, "मी? कधी?"

दुसऱ्या दिवशी दुरैयाचा फोन. "मम्मी, नानीनं नवा फ्रॉक घालून देल्ला. आमी आइस्क्रीम खायले चाल्लो!"

इन्सियाले सारं समजलं. तिच्या वेळीबी असाच फ्रॉक, हेच आइस्क्रीम.

दुकान उघडं टाकून पळाली, बस पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत माँ फोनच उचलेना. उचलला तं म्हने, "काहून बोंबलतं? एका मिनटाचं काम. तुले काय झालं होतं?"

अन् इन्सिया भरल्या बसमंदी उभी झाली. नवऱ्यालेबी कधी सांगतलं नोतं, थे सारं निंगालं. "काय झालं होतं? लघवीची आग व्हायची म्हनून मी दिवस दिवस पानी पेत नोती, माँ! लगन झालं, नवऱ्यानं हात लावला का आंग लाकूड व्हाचं. थो म्हने, तुले मी आवडतच नाई! आजबी आइस्क्रीम पाह्यलं का वांती येते मले!"

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

मंग माँ हळूच म्हने, "मले बर्फाचा गोळा देल्ला होता." अन् फोन कट.

बडनेरा आलं. फोन लागेना. इन्सिया अल्लाले हाका मारे, ड्रायव्हरले शिव्या दे, "चाल ना बाप्पा, माहं लेकरू चाल्लं!"

तेवढ्यात दुरैयाचाच फोन. "मम्मी, नानी एका आंटीच्या जिन्यातच बसली. रडून राहिली. आंटी वरतून बलावून राहिली."

"वर चढू नको बेटा! नानीचा हात धर! मी येऊन राहिली!"

"नानीनंच माहा हात धरला, मम्मी. सोडतच नाई."